मांजराची नखे आणि आपला सोफा

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाचे कप हातात आले की हल्ली मांजराचा विषय हमखास निघतो. कोणाच्या घरी नातीने पिल्लू आणलेले असते, कोणाकडे पावसाळ्यात गच्चीवर आलेली मांजरी तिथेच मुक्कामाला राहिलेली असते. आणि मग ठरलेले वाक्य येते, "बाकी सगळं ठीक आहे हो, पण सोफ्याची पार वाट लावली!" वडोदऱ्यातल्या आपल्या बहुतेक घरांत संखेड्याचा सोफा नाहीतर हिंचका असतोच. सागवानी लाकडावर लाखेचे काम केलेला, कोणाच्या लग्नात आलेला, कोणाच्या सासऱ्यांनी घेतलेला. लाखेचा थर एकदा उखडला की तो घरच्या घरी सांधता येत नाही. म्हणून जीव तुटतो, हे आम्हांलाही समजते.

पण या तक्रारीचा शेवट कधी कधी वाईट होतो. कंटाळून घरातली माणसे मांजराला पिशवीत घालून लांबच्या भाजीबाजारात सोडून येतात. घरात वाढलेल्या मांजराला बाहेर ना अन्न मिळवता येते, ना कुत्र्यांपासून जीव वाचवता येतो. सोफ्यापायी एका जिवाची अशी परवड होऊ नये आणि सोफाही शाबूत राहावा, यासाठी हा लेख. आम्ही दोघे गेली काही वर्षे चिंगी नावाची मांजरी सांभाळत आहोत. पशुवैद्यांकडून समजलेले आणि घरी करून पाहिलेले इथे एकत्र मांडत आहोत.

मांजर नखे का मारते?

पहिली गोष्ट म्हणजे मांजर खोडसाळपणाने किंवा राग काढण्यासाठी सोफा फाडत नाही. नखे ओरखडणे ही त्याची शरीराची गरज आहे. त्याची मुख्य कारणे तीन.

एक, नखांची निगा. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी साधारण अठरा नखे असतात. नख कांद्यासारखे थराथराने वाढते. बाहेरचा जुना थर सुटला की आतले टोकदार नख मोकळे होते. हा थर सोडवण्यासाठी पुढचे पंजे कशात तरी रोवून ओढावे लागतात. सोफ्याच्या पायाशी चंद्रकोरीसारखी पोकळ टरफले सापडतात, ती हीच. मागच्या पायांची नखे मांजर दातांनी साफ करते.

दोन, आळोखेपिळोखे. झोपेतून उठल्यावर उंच जागी पंजे रोवून अंग ताणले की खांद्यांपासून पाठीपर्यंतचे स्नायू मोकळे होतात. आपण सकाळी उठून हात वर करतो तसेच हे.

तीन, खूण. मांजराच्या पंजाच्या गाद्यांमध्ये गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. ओरखडताना तो गंध त्या जागेला लागतो. आपल्याला तो येत नाही, पण मांजराला येतो. "ही जागा माझी" अशी ती पाटी असते. दिसणारे ओरखडे ही त्याच पाटीची दुसरी बाजू. म्हणून एकदा धरलेला सोफ्याचा कोपरा मांजर सहसा सोडत नाही. जुना गंध त्याला पुन्हा तिथेच बोलावतो.

आपल्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात ते उगीच नाही. जंगलातला वाघसुद्धा झाडाच्या बुंध्यावर उभा राहून असेच ओरखडे काढतो आणि आपली हद्द सांगतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत मांजरे होतीच की. पण त्यांना अंगणातले झाड होते, लाकडी खांब होते, माळ्यावरची पोती होती. आता गोत्री, वासणा रोड, मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये मांजर चोवीस तास घरात असते. गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती, लॅमिनेटची कपाटे. पंजा रोवायला खरखरीत असे काय उरते? सोफा, गादी, पडदा आणि पायपुसणे! झाड गेले आणि सोफा आला, एवढाच बदल झाला आहे. तेव्हा ओरखडणे बंद करता येत नाही. त्याची जागा बदलता येते. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत.

आधी आठवडाभर नोंद ठेवा

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला नोंदवहीशिवाय चैन पडत नाही, पण इथे ती सवय खरोखरच उपयोगी पडते. एका जुन्या डायरीत सात दिवस एवढेच लिहा: वेळ कोणती, जागा कोणती, मांजर उभे राहून ओरखडत होते की जमिनीवर आडवे, कापड किंवा लाकूड कसे होते, आणि त्याआधी काय घडले.

आमच्या नोंदीत दोन वेळा ठळक दिसल्या. चिंगी सकाळी झोपेतून उठल्याबरोबर आणि आम्ही बाहेरून घरी आल्याबरोबर नखे मारायची. जागा जवळजवळ नेहमी एकच, दाराजवळच्या सोफ्याचा उजवा कोपरा. ती नेहमी उभी राहून, पूर्ण ताणून ओरखडायची. यावरून तीन गोष्टी ठरल्या: तिला उभा खांब हवा, तो उंच हवा आणि तो त्या कोपऱ्याला लागून हवा.

तुमचे मांजर गालिचा किंवा पायपुसणे ओरखडत असेल तर त्याला आडवी जागा आवडते. त्याला खांबाऐवजी जाड काथ्याची चटई, किंवा फळीवर घट्ट ताणून ठोकलेला तरटाचा तुकडा द्यावा. काही मांजरांना दोन्ही लागते.

खांब कसा असावा?

बाजारात मिळणारे पुष्कळ खांब दीड-दोन फुटांचे आणि हलके असतात. पिल्लू त्यावर खेळते, पण मोठे मांजर एकदा जोर लावते, खांब कलंडतो आणि मांजर पुन्हा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. खांब विकत घ्या किंवा करवून घ्या, तीन कसोट्या लावा.

उंची: मांजर मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणले जाईल इतकी. मोठ्या मांजरासाठी तीन फूट, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर धरावी.

वजन: खांब जराही हलता कामा नये.

पृष्ठभाग: खरखरीत, नख रुतेल असा. घायपाताचा दोर, ज्याला दुकानदार सिसल म्हणतात, तो बहुतेक मांजरांना आवडतो. तो न मिळाल्यास तागाचा जाड दोर चालतो. नायलॉनचा दोर नको. तो गुळगुळीत असतो. काही दोरांना तेलाचा उग्र वास असतो, तोही टाळावा.

आम्ही मिस्त्रीकडून असा करवून घेतला. नळकामात वापरतात तो ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, ९० सेंटिमीटर लांब. खाली ५० सेंटिमीटर चौरस, १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा पाट. पाइपाच्या आत बसेल अशी लाकडाची गोल चकती पाटाच्या मध्यावर स्क्रूने घट्ट बसवायची, तिच्यावर पाइप उभा करायचा आणि बाजूने स्क्रू मारायचे. मग पाइपात कोरडी वाळू भरायची. ती साधारण अकरा-बारा किलो मावते. वरून तशीच दुसरी चकती बसवून तोंड बंद करायचे. खाली वजन आणि रुंद पाट असल्याने खांब कलंडत नाही.

दोर किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. दोर १० मिलिमीटर जाड असेल तर ९० सेंटिमीटर उंचीला ९० वेढे बसतात. पाइपाचा व्यास ११ सेंटिमीटर, दोराच्या जाडीसकट १२ धरू. १२ गुणिले ३.१४ म्हणजे एका वेढ्याला सुमारे ३७.७ सेंटिमीटर. नव्वद वेढ्यांना जवळजवळ ३४ मीटर. टोके अडकवण्यासाठी थोडा जास्तीचा धरून ३६ मीटर घ्यावा. वेढे एकमेकांना चिकटून, ओढून घट्ट घ्यावेत. सैल दोरात नख अडकते आणि मांजर घाबरते. सुरुवातीचे आणि शेवटचे टोक वायसर लावून स्क्रूने पक्के करावे. डिंक वापरला असेल तर तो पूर्ण वाळून वास गेल्यावरच खांब मांजरासमोर ठेवावा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही महिन्यांनी दोर पिंजारतो, खांब ओंगळ दिसू लागतो आणि घरात कोणीतरी म्हणते, "टाका आता तो." टाकू नका. त्या पिंजारलेल्या दोरावर मांजराचा गंध आहे, म्हणूनच ते तिथे जाते. दोर अगदीच तुटला तर आधी निम्म्या भागाचा बदला, उरलेला नंतर.

खांब ठेवायचा कुठे आणि सवय लावायची कशी?

दिवाणखान्याची शोभा जाते म्हणून खांब मागच्या गॅलरीत किंवा वॉशिंग मशीनच्या आड ठेवला तर मांजर तिकडे फिरकणार नाही. खूण चारचौघांत करायची असते, अडगळीत नाही. म्हणून जो कोपरा मांजराने धरला आहे त्याला अगदी लागून खांब ठेवा. मांजर जिथे झोपते तिथे दुसरा ठेवता आला तर उत्तम. दोन-तीन मांजरे असतील तर खांबही वेगवेगळ्या खोल्यांत एकाहून अधिक हवेत. नाहीतर दांडगे मांजर खांब बळकावते आणि भित्रे मांजर पुन्हा सोफ्याकडे वळते.

मांजराचे पंजे हातात धरून खांबावर घासू नका. पकडून केलेली गोष्ट मांजराला आवडत नाही आणि मग खांबच नकोसा होतो. त्याऐवजी खांबाजवळ दोरीचे किंवा पिसाचे खेळणे हलवा. ते पकडताना पंजा आपोआप दोरात रुततो. मांजराने स्वतःहून खांब ओरखडला की त्याच क्षणी खाऊ द्या. पाच मिनिटांनी दिलेला खाऊ कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही. आपल्यातल्या शाकाहारी घरांत खाऊ कोणता, असा प्रश्न येतो. मांजराच्या तयार कोरड्या खाद्याचे दोन-चार दाणे पुरतात. दूध मात्र नको. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि हगवण लागते. कॅटनिप नावाची वाळलेली पाने मिळतात, ती खांबाला चोळली की अनेक मांजरे तिथे लोळतात. पण सगळ्या मांजरांना त्याचे वेड नसते आणि लहान पिल्लांवर त्याचा परिणाम होत नाही.

काही आठवडे मांजर नियमाने खांब वापरू लागले की हवा असल्यास खांब रोज दोन-तीन इंच सरकवत सोयीच्या जागी न्यावा. एकदम उचलून दुसरीकडे नेऊ नये.

सोफा कसा वाचवावा?

खांब मिळाला तरी सोफ्यावर जुना गंध असतोच. म्हणून त्याच दिवसांत सोफ्याचा तो कोपरा मांजराला नावडता करावा लागतो. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कापड पुसून पूर्ण वाळवा. मग त्यावर जाड प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम फॉइल ताणून लावा, किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी रुंद पट्टी लावा. चिकट आणि गुळगुळीत पृष्ठभाग मांजराच्या पंजाला रुचत नाही. लाखेच्या लाकडावर चिकटपट्टी थेट लावू नका, काढताना लाखेचा थर निघू शकतो. तिथे जाड सुती चादर घट्ट गुंडाळून बांधावी. ही व्यवस्था कायमची नाही. खांबाची सवय पक्की झाली की एकेक आवरण काढायचे.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. मांजर जवळ येऊ नये म्हणून सोफ्यामागे फिनाइल शिंपडणे, डांबरगोळ्या ठेवणे, निलगिरीचे किंवा टी-ट्रीचे तेल लावणे असे उपाय सुचवले जातात. हे करू नका. मांजराचे यकृत असल्या द्रव्यांचा निचरा नीट करू शकत नाही. पंजाला लागलेले मांजर चाटते आणि ते थेट पोटात जाते. आपल्याला जे साधे जंतुनाशक वाटते ते मांजराचा जीव घेऊ शकते. तिखटाची पूडही डोळ्यांत आणि नाकात जाते. मांजर अशा जागी गेले असेल आणि लाळ गाळत असेल, थरथरत असेल, उलट्या करत असेल तर घरगुती उपाय न करता ताबडतोब पशुवैद्य गाठा.

ओरडणे, मारणे, तोंडावर पाणी उडवणे यांचाही उपयोग होत नाही. मांजर त्यातून एवढेच शिकते, की ही माणसे घरात असताना ओरखडू नये. आपण बाहेर पडलो की ते पुन्हा सोफ्यावर हजर! शिवाय घाबरलेले मांजर आपली हद्द पक्की करण्यासाठी जास्तच खुणा करते.

नखे कापणे, आणि जे कधीच करू नये ते

नखांची टोके दोन-तीन आठवड्यांनी कापली तर नुकसान बरेच कमी होते. मांजर झोपाळलेले असताना मांडीवर घ्या, पंजा हलकेच दाबा. नख बाहेर येते. उजेडात पाहिले तर आत गुलाबी भाग दिसतो, तो जिवंत असतो, त्यात रक्त आणि संवेदना असते. त्याच्या बऱ्यापैकी अलीकडे, फक्त पांढरे टोक कापायचे. मांजरासाठीची वेगळी कात्री मिळते, तीच वापरा. सगळी नखे एकाच बैठकीत झाली पाहिजेत असे नाही. आज दोन, उद्या तीन. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरा. पिल्लूपणापासून पंजे हाताळण्याची सवय लावली तर पुढे सोपे जाते. हात थरथरत असेल किंवा दिसायला त्रास होत असेल तर हे काम पशुवैद्याकडे सोपवावे.

परदेशी नातेवाईक कधी कधी "नखेच काढून टाका" असे सुचवतात. तिकडे याला डिक्लॉइंग म्हणतात. ऐकायला नखे कापल्यासारखे वाटते, पण त्या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच तोडतात. आपली सगळी बोटे शेवटच्या पेरापासून छाटावीत, तसे. अशा मांजराला चालताना वेदना राहू शकतात आणि स्वसंरक्षण करता येत नाही म्हणून ते चावू लागते. ब्रिटनमध्ये यावर बंदी आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ती घातली. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात प्राण्याचे अंग तोडणे हा गुन्हाच मानला आहे. सोफ्यासाठी हा विचारही मनात आणू नये.

अचानक ओरखडणे वाढले तर

नीट वागणारे मांजर एकाएकी घरभर नखे मारू लागले तर घरात काय बदलले ते पाहा. नवा पाहुणा, नवे फर्निचर, रंगकाम, खिडकीबाहेर फिरणारा परका बोका, या सगळ्यांनी त्याला असुरक्षित वाटते. आपल्याकडे गौरी-गणपतीत सोफे हलतात, माणसांची ये-जा वाढते. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक चालतात. दिवाळी आणि उत्तरायणाला फटाके वाजतात. अशा दिवसांत मांजराला एक शांत खोली, त्याचे अंथरूण, पाणी, मातीचा ट्रे आणि खांब एकत्र द्यावा. सण सरला की ते बहुधा पूर्ववत होते. बदल काहीच नसेल आणि मांजर खातपीत नसेल, लंगडत असेल किंवा लपून बसत असेल तर दुखणे असू शकते, तपासून घ्यावे.

माणसाला नख लागले तर

आपल्या मंडळात ज्येष्ठांची संख्या मोठी, म्हणून हे मुद्दाम लिहितो. उतारवयात कातडी पातळ होते. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर छोटा ओरखडाही चिघळतो किंवा बराच वेळ वाहतो. नख लागले की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि मांजराचे नख लागले आहे असे स्पष्ट सांगावे. रेबीज मांजरापासूनही होऊ शकतो आणि तो झाल्यावर वाचणे जवळपास अशक्य असते. लस घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, "घरचंच मांजर आहे" म्हणून आपण ठरवू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. नंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप आला, काखेत किंवा मानेला गाठ आली तरी ओरखड्याची आठवण डॉक्टरांना द्यावी. पिसवांमुळे मांजराच्या नखांत येणारे जंतू असा आजार करतात. म्हणून मांजराला दर वर्षी रेबीजची लस आणि पिसवांवर पशुवैद्यांनी सांगितलेले औषध, या दोन गोष्टी चुकवू नयेत.

खर्चाचे म्हणाल तर पाइप, प्लायवूड, दोर आणि मिस्त्रीची मजुरी मिळून जे होते ते सोफ्याची एक गादी नव्याने मढवण्यापेक्षा कमीच भरते. खरी गुंतवणूक लागते ती दीड-दोन महिन्यांच्या धीराची. तेवढा दिला की मांजर खांबावर आणि आपण सोफ्यावर, दोघेही निवांत बसतो. घरी खांब करवून घ्यायचा असेल त्यांनी वरची मापे कागदावर उतरवून मिस्त्रीला द्यावीत, आणि दोर मात्र स्वतः हाताने चाचपून, वास घेऊनच घ्यावा.